बदल दुसऱ्या गुणसूत्रावर, परिणाम अकराव्यावर: दूरच्या जनुकावरचा प्रभाव शोधायचा कसा

सिकलसेलचा दोष डीएनएच्या एका अक्षराचा आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एचबीबी जनुकात एका ठिकाणी ए च्या जागी टी येतो, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पण छोटा उदेपूरकडून बडोद्याला दाखवायला येणाऱ्या एकाच घरातल्या दोन भावंडांत, दोघांनाही आईवडिलांकडून हाच दोष मिळालेला असताना, एकाला सतत भरती करावं लागतं आणि दुसऱ्याचं तसं बरं चाललेलं असतं, असं घडू शकतं.

यामागचं मोठं कारण म्हणजे एचबीएफ, गर्भात असताना आपल्या रक्तात असणारं हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते ओसरतं आणि मोठेपणी बहुतेकांत १ टक्क्याच्याही खाली जातं. ज्यांच्यात ते बऱ्यापैकी टिकून राहतं त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांत ते २० टक्क्यांच्या आसपास आढळतं. ते किती टिकणार हे ठरवणाऱ्या जागांपैकी तीन जागांचा चांगला अभ्यास झाला आहे. पहिली एचबीएफ बनवणाऱ्या एचबीजी२ जनुकाच्या अगदी उंबऱ्यावर, अकराव्या गुणसूत्रावरच. दुसरी दुसऱ्या गुणसूत्रावर बीसीएल११ए जनुकात. तिसरी सहाव्या गुणसूत्रावर, एचबीएस१एल आणि एमवायबी या दोन जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. म्हणजे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि त्याच्यावर हुकूम चालवणाऱ्या तीनपैकी दोन जागा भलतीकडेच.

हा लेख अशा लांबून चालणाऱ्या हुकुमांचा माग काढायचा कसा, याबद्दल आहे. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स करणाऱ्या, हंसा मेहता लायब्ररीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. प्रयोगशाळा नसली तरी बहुतेक पायऱ्या फुकट उपलब्ध असलेल्या डेटावर करता येतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: बदलाच्या शेजारी राहतं म्हणून एखाद्या जनुकाला दोषी धरू नका, आणि लांबचं जनुक सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका. दूरचा परिणाम खरा असतोच, पण संगणकावर दिसणारे बहुतेक दूरचे परिणाम खरे नसतात.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

कोणता बदल, कोणतं जनुक, कोणत्या पेशीत, कोणत्या वयात. या चारांपैकी एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका. आपल्या उदाहरणात: आरएस१४२७४०७ (आरएस क्रमांक म्हणजे डीएनएतल्या बदलाचा नोंदणी क्रमांक) या ठिकाणी जी ऐवजी टी असेल तर प्रौढ माणसाच्या लाल पेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींत बीसीएल११ए कमी बनतं का, आणि म्हणून एचबीजी१ व एचबीजी२ ही एचबीएफची जनुकं जास्त चालू राहतात का?

‘कोणत्या पेशीत’ हा भाग मुलं हमखास गाळतात. बीसीएल११ए हे प्रथिन फक्त रक्तापुरतं नाही. प्रतिकारशक्तीच्या बी पेशी घडायला ते लागतं, मेंदूच्या वाढीलाही लागतं. एक प्रत जन्मतः निकामी असलेल्या मुलांत बौद्धिक विकास मागे पडतो आणि त्यांचं एचबीएफही चढं राहतं. पण आरएस१४२७४०७ ज्या तुकड्यात आहे तो तुकडा या जनुकाच्या आतच, दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये (प्रथिनात न उतरणाऱ्या पट्ट्यात) आहे आणि तो मुख्यतः लाल पेशींच्या वंशातच काम करतो. तिथे बिघाड केला तर बी पेशीतलं बीसीएल११ए जवळपास जसंच्या तसं राहतं. त्यामुळे हाच प्रश्न तुम्ही बी पेशींच्या डेटाला विचारलात तर उत्तर शून्य येईल, आणि त्या शून्यावरून ‘परिणाम नाही’ असं लिहिलंत तर ते साफ चूक ठरेल.

पायरी २: पत्ता तपासा

मानवी जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या नकाशाच्या, मुख्यतः दोन आवृत्त्या सध्या वापरात आहेत, जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८. आरएस१४२७४०७ चं स्थान पहिलीत दुसऱ्या गुणसूत्रावर ६,०७,१८,०४३ आहे, दुसरीत ६,०४,९०,९०८. सव्वादोन लाखांहून जास्त अक्षरांचा फरक! एक फाइल जुन्या आवृत्तीची आणि दुसरी नव्या, असं झालं तर संगणक कुठलीही तक्रार करत नाही, गुपचूप भलत्या जागेची बेरीज करून देतो. दोन्ही एका आवृत्तीत आणा, मगच पुढचं.

सोबत कोणतं अक्षर ‘परिणाम करणारं’ म्हणून मोजलं आहे तेही लिहून ठेवा. एका अभ्यासात टी मोजलेला असतो, दुसऱ्यात जी, आणि मग आकड्यांची चिन्हं उलटी येतात. जिथे ए-टी किंवा सी-जी अशी जोडी असते तिथे दोन्ही धाग्यांवर तीच अक्षरं वाचली जातात, म्हणून गोंधळ ओळखूही येत नाही. अशा जागांवर अक्षराचं लोकसंख्येतलं प्रमाण ताडून बघा, आणि ते ५० टक्क्यांच्या जवळ असेल तर ती जागा सोडून द्या.

आणि शेजारी कोण कोण आहेत ते बघा. जवळजवळची अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्याने वारशात येतात. म्हणून ज्याची पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) सगळ्यांत लहान तोच कर्ता असं होत नाही. बीसीएल११ए च्या बाबतीतही वेगवेगळ्या अभ्यासांत आरएस११८८६८६८ सारख्या वेगवेगळ्या खुणा पुढे आल्या आणि नंतर बारीक तपासातून एन्हान्सरमधली (जनुकाचा जोर वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यातली) जागा ठरली. हे गठ्ठे प्रत्येक समाजात वेगळे बांधलेले असतात. आपल्याकडच्यांसाठी १००० जीनोम्स या जगभरच्या माणसांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पात जीआयएच नावाचा गट आहे: ह्यूस्टनमध्ये राहणारे गुजराती, १०३ जण. बडोद्यातल्या वाचकासाठी हा गट युरोपीय गटांपेक्षा केव्हाही जवळचा. मात्र राठवा किंवा भिल समाजाचा अंदाज त्यावरून बांधायचा नाही. ह्यूस्टनचे गुजराती म्हणजे गुजरातच्या पूर्वपट्टीचे आदिवासी नव्हेत.

पायरी ३: सिस की ट्रान्स

बदलापासून १० लाख अक्षरांच्या आत जनुक असेल तर सिस म्हणायचं आणि ५० लाखांच्या पलीकडे किंवा वेगळ्या गुणसूत्रावर असेल तर ट्रान्स, अशी एक सोयीची रीत आहे. संगणकाला सांगायला ती ठीक. पण खरा फरक अंतराचा नाही, वाटेचा आहे.

बडोद्याच्या जुन्या वाड्यात दोन नळ आहेत असं धरा, दोघांचे पाइप वेगळे, पाणी मात्र दोघांनाही आजव्याच्या तलावातून येतं. एका नळाला धार बारीक आणि दुसरा धो धो वाहतोय, तर बिघाड त्या एका पाइपात. दोन्ही नळ सारखेच मंदावले तर वाड्यात खोदकाम करून उपयोग नाही, वर कुठेतरी बघायला हवं. पेशीतही प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. सिस बदल ज्या धाग्यावर आहे त्या धाग्यावरच्याच प्रतीला छेडतो. ट्रान्स बदल एखाद्या फिरत्या प्रथिनामार्फत काम करतो, म्हणून दोन्ही प्रतींना सारखाच लागतो.

यातून एक फार उपयोगी चाचणी निघते. ज्या माणसात त्या बदलाची एकच प्रत आहे आणि जनुकाच्या आतही एखादं ओळखीचं वेगळं अक्षर आहे, अशा माणसाचे आरएनएचे (चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कल) तुकडे दोन ढिगांत वेगळे करता येतात: आईकडचे किती, वडिलांकडचे किती. ढीग असमान असतील तर सिस. एकूण सक्रियता बदललेली आहे पण ढीग समसमान, तर ट्रान्सकडे कल. अंतराच्या नियमापेक्षा माझा या चाचणीवर जास्त भरवसा आहे.

पायरी ४: वाट कोणती असू शकते ते आधी मांडा

पहिली वाट एकाच धाग्यावरची, पण लांबची. डीएनएची घडी पडते आणि दूरचा एन्हान्सर जनुकाच्या सुरुवातीला येऊन टेकतो. याचं उत्तम उदाहरण हाताच्या अंगठ्यात आहे. एसएचएच जनुकाला हातापायांत चालू करणारा एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरं लांब, एलएमबीआर१ या वेगळ्याच जनुकाच्या पोटात बसलेला आहे. तिथलं एखादं अक्षर बदललं की जास्तीचा अंगठा फुटू शकतो, आणि एलएमबीआर१ चा त्यात काही हात नसतो. लठ्ठपणाच्या बाबतीत एफटीओ जनुकाचं असंच झालं. २००७ पासून सगळीकडे त्याचं नाव गाजलं. २०१४ आणि २०१५ मधल्या कामांतून दिसलं की त्या पट्ट्यातला बदल सुमारे ५ लाख अक्षरं लांबच्या आयआरएक्स३ ला आणि त्याच्याही पलीकडच्या आयआरएक्स५ ला हलवतो. आजही रिपोर्टांत ‘एफटीओचा दोष’ असंच छापून येतं, त्याला इलाज नाही.

दुसरी वाट आपल्या उदाहरणाची: बदल आपल्या शेजारच्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाला) सिस रीतीने कमीजास्त करतो, आणि तो फॅक्टर जाऊन दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाला दाबतो किंवा उठवतो. आरएस१४२७४०७ वरचा टी हा जीएटीए१ आणि टीएएल१ या प्रथिनांची बैठक मोडतो, बीसीएल११ए कमी बनतं, आणि बीसीएल११ए चं काम एचबीजी जनुकांना गप्प बसवण्याचं असल्याने ती जनुकं थोडी बोलू लागतात. दोन टप्पे: पहिला सिस, दुसरा ट्रान्स. माणसातले बरेचसे खात्रीचे ट्रान्स परिणाम असेच दोन टप्प्यांचे निघाले आहेत. केएलएफ१४ हे सातव्या गुणसूत्रावरचं आणखी एक. त्याच्याजवळचा मधुमेहाशी जोडलेला बदल चरबीच्या ऊतीत दूरदूरची बरीच जनुकं हलवतो, आणि तेही आईकडून आलेल्या प्रतीमुळेच.

तिसरी वाट सर्वांत धूसर: बदलामुळे पेशीची अवस्थाच बदलते आणि मग शेकडो जनुकं थोडीथोडी सरकतात. यीस्टमध्ये हे स्वच्छ दिसतं. २००२ मध्ये दोन जातींच्या संकरातून त्याची सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये १,०१२ संततींवर केलेल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून जास्त परिणाम ट्रान्स निघाले. त्यातले बहुतेक १०२ ठिकाणी एकवटलेले होते. माणसात इतकं स्वच्छ दिसण्याची अपेक्षा ठेवू नका.

पायरी ५: आधी इतरांनी काय पाहिलं ते बघा

यासाठी जनुकांच्या सक्रियतेच्या डेटाचे दोन साठे पुरेसे आहेत. जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीत ८३८ दात्यांच्या ४९ प्रकारच्या ऊती आहेत. त्यात प्रथिनं बनवणाऱ्या १८,२६२ जनुकांना सिस परिणाम सापडला, ट्रान्स मात्र फक्त १२१ जनुकांना. ईक्यूटीएलजेन हा साठा फक्त रक्ताचा, पण ३१,६८४ जणांचा. त्यांनी आजारांशी वा गुणधर्मांशी जोडलेले १०,३१७ बदल घेतले आणि त्यातल्या ३७ टक्क्यांना कुठला ना कुठला ट्रान्स परिणाम दिसला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. निसर्गात ट्रान्स कमी आहे असा याचा अर्थ होत नाही. जनुकांच्या सक्रियतेतल्या आनुवंशिक फरकाचा साधारण ७० टक्के वाटा दूरच्या बदलांचा असावा असे अंदाज आहेत. पण एकेका बदलाचा वाटा इतका बारीक असतो की तो दिसायला हजारो माणसं लागतात.

शोधताना फक्त ‘आहे’ की ‘नाही’ बघून उठू नका. ते जनुक त्या ऊतीत मुळात चालू होतं का? ते त्या यादीत तपासलं होतं का? रक्ताच्या काही नमुन्यांतून ग्लोबिनचा आरएनए मुद्दाम काढून टाकतात, कारण तो इतका जास्त असतो की बाकीचं काही दिसत नाही. अशा डेटात एचबीजी शोधणं म्हणजे वेळ घालवणं. जीटेक्समध्ये तर लाल पेशी जिथे घडतात ती अस्थिमज्जाच या ऊतींत नाही. दोन्ही साठ्यांत बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, हेही वहीत लिहून ठेवा.

पायरी ६: स्वतः करून बघा

सरावासाठी एमएजीई हा डेटा घ्या. १००० जीनोम्सच्या २६ गटांतल्या ७३१ जणांच्या पेशींचं आरएनए वाचन आहे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यात गुजरातीही आहेत. जीनोटाइप, म्हणजे कुणाकडे कोणती अक्षरं आहेत ते, त्याच प्रकल्पातून मिळतात. या पेशी म्हणजे विषाणूने अमर केलेल्या बी पेशी; म्हणून एचबीजीचा प्रश्न इथे चालणार नाही, हे पहिल्या पायरीतच ठरलं आहे. बी पेशींत खरोखर काम करणारा एखादा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर निवडा, त्याच्याजवळचा खणखणीत सिस बदल घ्या आणि त्याचे दूरचे परिणाम शोधा.

जीनोटाइप प्लिंक या प्रोग्रामने गाळा. फार दुर्मीळ बदल काढून टाका, आणि ‘फार’ म्हणजे किती हे तुमच्या संख्येवर सोडा. १०३ जणांत एखादं अक्षर ५ टक्के असेल तर त्याच्या दोन्ही प्रती असलेली एकही व्यक्ती मिळेल अशी अपेक्षा नाही आणि एक प्रत असलेले जेमतेम दहा. त्यातल्या एकाचा नमुना बिघडलेला असला तरी रेषा वाकडी होते. सक्रियतेचे आकडे आधी क्रमावरून सामान्य वितरणात बसवून घ्या, म्हणजे एकाच विक्षिप्त आकड्याने निकाल फिरत नाही. मग प्रत्येक माणसाला ०, १ किंवा २ द्या, बदललेल्या अक्षराच्या जितक्या प्रती तितके, आणि साधी सरळ रेषा बसवा. मॅट्रिक्स ईक्यूटीएल हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवरही हे काम करतं.

समीकरणात लिंग, गट आणि जीनोटाइपचे पहिले काही मुख्य घटक (माणसांच्या वंशातल्या फरकाचा सारांश देणारे आकडे) घाला. ते नाही घातले तर गुजराती आणि फिनिश माणसांतला प्रत्येक फरक ट्रान्स परिणाम म्हणून समोर येईल. यानंतर येतात छुपे घटक: नमुना कोणत्या दिवशी वाचला, कोणत्या यंत्रावर, पेशी किती जुन्या, यांची सक्रियतेवर पडलेली छाया. सिस शोधताना ही छाया जितकी पुसाल तितकं चांगलं. ट्रान्समध्ये इथे एक खोच आहे. शेकडो जनुकं एकदम हलवणारा खरा ट्रान्स बदल असेल तर त्याचा परिणामही छुप्या घटकासारखाच दिसतो आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने पुसून टाकता. म्हणून प्रत्येक छुपा घटक काढण्याआधी तो एखाद्या जीनोटाइपशी जोडलेला तर नाही ना ते बघा. जोडलेला असेल तर त्याला हात लावू नका. आणि मग छुपे घटक काढून व न काढता अशी दोन्ही उत्तरं ठेवा.

चाचण्यांची संख्या सगळ्यात आधी मोजायची. १० लाख बदल आणि २०,००० जनुकं, म्हणजे २,००० कोटी चाचण्या. नेहमीची ०.०५ ची मर्यादा ठेवलीत तर काहीही खरं नसताना १०० कोटी ‘शोध’ लागतील. बॉनफेरोनीच्या हिशेबाने, म्हणजे ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागून, मर्यादा अडीच गुणिले दहाचा उणे बारावा घात इथपर्यंत खाली जाते, आणि ७३१ माणसांत तिथे पोहोचणारं क्वचितच काही असतं. म्हणून सगळीकडे जाळं टाकू नका. विचार करून १०० बदल निवडलेत तर चाचण्या २० लाखांवर येतात आणि मर्यादा दहा हजार पटींनी सैल होते. निवड मात्र निकाल बघण्याआधी करायची. नंतर केलेली निवड ही निवड नसतेच.

पायरी ७: सापडलेल्यावर संशय घ्या

कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथेच बहुतेक ‘दूरचे परिणाम’ गळून पडतात.

पहिला संशय वाचनाचा. आरएनएचे तुकडे साधारण ७५ ते १५० अक्षरांचे असतात आणि जीनोममध्ये एकसारखे पट्टे भरपूर आहेत. समजा बदलाशेजारी क्ष जनुक आहे आणि त्याची जुनी निकामी नक्कल, स्यूडोजीन, दुसऱ्या गुणसूत्रावर पडलेली आहे. क्षचे काही तुकडे संगणकाने चुकून नकलेच्या खात्यात टाकले की क्षवरचा साधा सिस परिणाम नकलेवरचा ट्रान्स परिणाम म्हणून झळकतो. हा अपवाद नाही. २०१८ मधल्या एका पडताळणीत, नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या ट्रान्स जोड्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त जोड्या एकसारख्या पट्ट्यांमध्येच निघाल्या, आणि फक्त एकाच जागी बसणारे तुकडे घेऊनही हा गोंधळ जात नव्हता. यावर उपाय असा: जनुकांच्या कोणत्या जोड्या एकमेकींचे तुकडे चोरतात याच्या तयार याद्या मिळतात, लक्ष्य जनुक आणि बदलाच्या आसपास १० लाख अक्षरांत येणारं प्रत्येक जनुक अशी जोडी त्या यादीत शोधा. सापडली तर तो निकाल बाजूला.

आपल्या उदाहरणातही हा काटा आहे. एचबीजी१ आणि एचबीजी२ ची प्रथिनं एका अमिनो आम्लापुरती वेगळी, १३६ व्या जागी एकात अ‍ॅलनिन, दुसऱ्यात ग्लायसिन. आरएनएही जवळपास तंतोतंत. लहान तुकडा कुणाचा हे संगणक बहुतेक वेळा सांगूच शकत नाही. म्हणून दोघांची बेरीज करूनच काम करा. ‘एचबीजी२ वर परिणाम, एचबीजी१ वर नाही’ असं वाक्य लहान तुकड्यांच्या डेटावरून कुणी लिहिलं असेल तर मी तिथेच वाचायचं थांबतो.

दुसरा संशय पेशींच्या मिश्रणाचा. रक्ताचा नमुना म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींची भेसळ. एखाद्या बदलामुळे न्यूट्रोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढत असतील तर न्यूट्रोफिलमध्ये चालणारी सगळी जनुकं ‘वाढलेली’ दिसतील, एकाही पेशीच्या आत काहीही बदललेलं नसताना. सहाव्या गुणसूत्रावरची एमवायबी जवळची जागा यासाठी डोळ्यांपुढे ठेवा. तिथले बदल एचबीएफ वाढवतात, पण लाल पेशींची संख्या, त्यांचा आकार आणि प्लेटलेटही हलवतात. पूर्ण रक्तात त्यांचा ग्लोबिनवर परिणाम दिसला तर तो प्रत्येक पेशीतला आहे की कोवळ्या लाल पेशींचं प्रमाणच बदललं आहे, हे त्या डेटावरून सुटत नाही. नमुन्यांची रक्तगणना उपलब्ध असेल तर ती समीकरणात घाला. नसेल तर एका प्रकारच्या वेगळ्या केलेल्या पेशींचा किंवा एकेक पेशी वाचलेला डेटा शोधा.

तिसरा संशय सोपा आणि तरी राहून जाणारा: आकृती काढून बघा. ०, १, २ चे तीन खांब आणि प्रत्येक माणसाचा ठिपका. दोनचा खांब दोन ठिपक्यांवर उभा असेल तर पी व्हॅल्यू कितीही सुंदर असली तरी सोडून द्या.

यानंतरही जे टिकलं ते वेगळ्या माणसांच्या डेटात पुन्हा तपासा. दिशा तीच येते का एवढं आधी बघा. तेवढ्यावरही बरंच काही गळतं.

पायरी ८: मधला दुवा जोडा

ट्रान्स परिणाम टिकला की विचारायचं: मध्ये कोण? बदलाशेजारच्या जनुकांपैकी कोण सिस रीतीने हलतं ते बघा, मग त्या जनुकाची सक्रियता समीकरणात घाला. ती घातल्यावर दूरचा परिणाम बराच कमी झाला तर मध्यस्थ मिळाल्याचा एक पुरावा. पूर्ण गेला नाही तरी निराश होऊ नका, कारण मोजमापाच्या गोंगाटामुळे खरा मध्यस्थही अर्धवटच दिसतो. कोलोकलायझेशनने सिस आणि ट्रान्स दोन्ही परिणामांमागे एकच बदल आहे की शेजारशेजारचे दोन, हे तपासा, ०.८ च्या वरची संभाव्यता साधारणपणे मान्य धरतात. मध्यस्थ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर असेल तर तो लक्ष्य जनुकाच्या डीएनएवर बसतो का हे एन्कोड प्रकल्पाच्या उघड डेटात दिसतं. बीसीएल११ए एचबीजीच्या सुरुवातीजवळ प्रत्यक्ष बसतं, हे सिद्ध झालेलं आहे.

पायरी ९: प्रयोगशाळा

आकडेवारी इथवरच आणते. पुढे पेशीत हात घालावा लागतो, आणि बीसीएल११ए ची गोष्ट इतकी पक्की झाली ती त्यामुळेच. २००८ मध्ये दिसलं की लाल पूर्वपेशींत हे प्रथिन कमी केलं की एचबीएफ वाढतं. २०१३ मध्ये त्याचा एन्हान्सर ओळखला गेला. २०१५ मध्ये एचयूडीईपी-२ नावाच्या लाल पेशींच्या वंशातल्या पेशींत क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने तो एन्हान्सर जवळपास अक्षराअक्षराने कापून बघितला आणि जीएटीए१ ची एक बैठक नेमकी नाजूक निघाली. तीच बैठक मोडणारा कॅसजेव्ही हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केला. रुग्णाच्या स्वतःच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी काढून, दुसऱ्या गुणसूत्रावर काप देऊन, परत भरायच्या, म्हणजे अकराव्यावरचं जनुक जागं होतं. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवली गेली, त्यामुळे छोटा उदेपूरपर्यंत तो यायला किती काळ लागेल याचा विचार न केलेला बरा.

विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं म्हणजे रिपोर्टर चाचणी: एन्हान्सरचा तुकडा दोन्ही अक्षरांसह ल्युसिफरेजपुढे (उजेड देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापुढे) लावून उजेड मोजायचा. त्यातून सिस टप्पा कळतो, ट्रान्स नाही. ट्रान्ससाठी क्रिस्परने एन्हान्सर दाबून दूरच्या जनुकाचा आरएनए मोजावा लागतो, तोही योग्य पेशीत. हाताशी आहेत म्हणून हेला या कर्करोगाच्या पेशींत ग्लोबिन मोजायला जाऊ नका.

पायरी १०: लिहिताना आणि नमुने घेताना

प्रबंधात ‘आरएस अमुक मुळे तमुक जनुक वाढतं’ असं लिहिण्याआधी स्वतः कुठल्या पायरीपर्यंत पोहोचलात ते बघा. सहाव्यापर्यंत असाल तर ‘संबंध दिसला’, सातवी ओलांडली असेल तर ‘संबंध टिकला’, आठवीनंतर ‘अमुकमार्फत असावा’, आणि ‘मुळे’ हा शब्द नववीनंतरच. ऊती, माणसांची संख्या, समाज, जीनोम आवृत्ती आणि एकूण चाचण्या या पाच गोष्टी सारांशातच द्या, पुरवणीत दडवू नका.

भारतीय डेटा हवा असेल तर जीनोमइंडिया प्रकल्पाचे सुमारे १०,००० जीनोम फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवलेले आहेत. त्यासाठी मार्गदर्शकाबरोबर संस्थेमार्फत प्रस्ताव करा. हे जीनोम आहेत, आरएनए नाही, म्हणून त्यातून अक्षरांचं प्रमाण आणि गठ्ठे मिळतील, सक्रियता मिळणार नाही.

पूर्वपट्टीतल्या गावांत स्वतः नमुने घ्यायचे असतील तर नीतिसमितीची परवानगी आणि राठवी किंवा गुजरातीत समजावून घेतलेली संमती, हे दोन्ही आधी. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झाली तेव्हा ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं होतं, त्यामुळे अनेक घरांत आधीच कार्ड आलेलं असतं आणि लग्न जमवताना ते बघितलं जातं. घरच्यांच्या हातात द्यायचा कागद एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचा: एचबीएस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) किती, एचबीएफ किती, वाहक की रुग्ण. बीसीएल११ए चं अक्षर कुठलं आलं ते तुमच्या तक्त्यात राहू द्या. त्यावरून एखाद्या मुलाला पुढे किती त्रास होईल हे सांगता येत नाही, आणि आई विचारेलच, तेव्हा तसं सरळ सांगा.